वेनबद्दलचे आठ प्रश्न

एचआरमधल्या चारुताने दार लावून घेतलं आणि लगेच मराठीवर आली.

"उत्तराताई, पाच मिनिटांचं काम आहे. आठच प्रश्न. हो किंवा नाही, एवढंच लिहायचं आणि खाली सही."

टेबलावर कागद होता. वर छापलेलं होतं : झाओ वेन. जन्मस्थान वूशी, चीन. नागरिकत्व अमेरिकन.

कॅलिफोर्नियात सनीव्हेलमधल्या चिप कंपनीत उत्तरा आणि वेन सोळा वर्षं शेजारी शेजारी बसत होते. टीम आता उत्तराची होती, पण डिझाइन कुठे अडलं की ती खुर्ची वळवायची ती वेनकडेच. दोन महिन्यांपूर्वी कंपनीला मोठं सरकारी कॉन्ट्रॅक्ट मिळालं. तेव्हापासून प्रत्येक मीटिंगमध्ये एकच गोष्ट ऐकू येत होती : चीनच्या पुढे राहायचं. आणि ह्या सोमवारपासून वेनच्या बॅजने लॅबचं दार उघडेनासं झालं.

उत्तराने प्रश्न वाचले. ही व्यक्ती दरवर्षी जन्मदेशी जाते का? तिथल्या नातेवाइकांशी नियमित बोलते का? ऑफिसात इतरांना न कळणाऱ्या भाषेत फोनवर बोलते का? सुट्टीच्या दिवशी लॅबमध्ये आलेली आहे का?

"मार्चमध्ये चिप फेल झाली तेव्हा तो ओळीने तीन रविवार आला होता," उत्तरा म्हणाली. "मीच बोलावलं होतं."

"मग 'हो' लिहा ना. खोटं लिहा असं कुठे म्हणतेय मी?"

"चारुता, तो सिटिझन आहे. माझ्या दोन वर्षं आधी झालाय. त्याच्या सिटिझनशिपच्या शपथेला मी स्वतः गेले होते."

"मला माहितीये ताई. मला पर्सनली काहीच प्रॉब्लेम नाही त्याच्याशी. पण वातावरण बघताय ना सध्या." चारुता जरा पुढे वाकली. दार बंद होतं, तरी आवाज खाली आणला. "आणि आपल्याला टेन्शन घ्यायचं कारण नाही. आपलं नाव ह्या लिस्टमध्ये नाहीये."

"आपलं म्हणजे?"

"इंडियाचं."

उत्तराची कानशिलं तापली.

"आणि उद्या आलं तर? माझा कागद कुणाकडे घेऊन जाशील? त्यालाही पाच मिनिटांचंच काम म्हणशील?"

 चारुताने फोन हातात घेतला, उगीच बघितला आणि पालथा ठेवला.

उत्तराने पेन उचललं. वेनचं नाव खोडलं आणि त्याच्यावर स्वतःचं लिहिलं. जन्मस्थान : नागपूर. मग एकेक प्रश्न घेतला. हो, दर डिसेंबरात जाते. हो, आईशी रोज बोलते. हो, आत्ता ह्या खोलीतसुद्धा तेच चाललंय. हो, तिन्ही रविवारी मीही लॅबमध्येच होते. आठही प्रश्नांना हो. सही करताना पेन एवढं दाबलं गेलं की कागद फाटला.

"ताई, प्लीज. हे मी वर कसं पाठवू?"

"त्याचं पाठवणार होतीस तसंच."

वेन कॅफेटेरियात सापडला. त्याचा बॅज आता तेवढंच दार उघडत होता. दुपारचे तीन वाजले होते, मॉप मारणारी एक बाई सोडली तर बाकी कुणी नव्हतं. फरशी पुसण्यासाठी खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवल्या होत्या आणि कोपऱ्यातल्या एका टेबलाशी तो लॅपटॉप उघडून काम करत होता. अजूनही काम करत होता, ह्याचाच उत्तराला आधी राग आला.

तिने उभ्या उभ्या सगळं सांगितलं.  तो हसेल, निदान बरं वाटलं म्हणेल, असं तिला वाटलं होतं.

"थँक्स," वेन म्हणाला. "पण अथर्वने सकाळीच भरून दिलाय. त्यांना तुम्हा दोघांच्या सह्या हव्या होत्या, पण निर्णयाला त्याची एकच पुरली. शुक्रवार माझा शेवटचा दिवस."

"अथर्वने?" उत्तराचा आवाज चढला. मॉप मारणाऱ्या बाईने मान वर करून पाहिलं. "कॉलेजमधून आपल्या टीममध्ये आला तेव्हा त्याला काही येत नव्हतं! सगळं तू शिकवलंस त्याला!"

"त्याने खरी उत्तरं लिहिली. मग इथे येऊन बसला. सॉरी म्हणाला. त्याचं ग्रीन कार्ड अडकलंय, उत्तरा. त्याच्यावर रागावू नकोस."

"मग कुणावर रागावू? सांग ना! कुणावर?"

वेनने लॅपटॉप मिटला. त्याने तिच्यासाठी एक खुर्ची टेबलावरून खाली काढून ठेवली. ती बसली नाही.

"माझा धाकटा भाऊ वूशीला असतो," तो म्हणाला. "तिथल्या सरकारी संस्थेत इंजिनिअर आहे. गेल्या महिन्यात त्याच्याकडेही असाच फॉर्म आला. अमेरिकेत कुणी आहे का, कुठे काम करतं, फोन येतो का. आईने मला सांगितलं."

"मग? त्याने काय केलं?"

"भरला. त्याला दोन मुली आहेत." वेन उलट्या खुर्च्यांकडे बघत राहिला. "त्याने लिहिलं, मला भाऊ नाही."