मधोमध

आफ्रिकेतल्या जुन्या रेल्वेरुळांखालच्या लाकडाचं हे जेवणाचं टेबल सुतार बापाने स्वतः केलेलं. लोहचुंबक फिरवून त्याने लाकडातला एकूण एक जुना खिळा हुडकून उपटला होता. बाप गेला आणि टेबलावरून दोघे भाऊ एकमेकांच्या जिवावर उठले.

"अख्खं ह्याच्या घशात घालू काय? मिस्त्री, मधोमध कापा," धाकट्याकडे बोट दाखवत थोरला गरजला.

करवत जराशी आत गेली आणि तिचे दात उडाले.

"बाबांच्या हातून खिळा राहिला? शक्यच नाही!" थोरला टेबलाखाली वाकला. बरोब्बर मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, खिळ्यांची रांग होती. सगळे नवेकोरे.

म्हातारा पोरांना ओळखून होता.

थोरल्याने उठून गुडघे झटकले. "मिस्त्री, चार बोटं सरकून कापा. ह्याच्या बाजूला."