आगीचं पाणी

डोमाजीने सोळाव्या ड्रममध्ये किटली कलती केली, तेवढ्यात जिनिंगचा मॅनेजर रामराव फाटकातून आत आला.

"काय लावलं बे हे?"

"मासोया सोडून राह्यलो, साहेब. गप्पी."

बोंडअळीने यंदा कापूस खाल्ला, म्हणून दिग्रसची ही जिनिंग सुरूच झाली नव्हती. तरी भिंतीला लागून चाळीस ड्रम पाण्याने काठोकाठ भरलेले. आग विझवायला. विम्याचा माणूस येऊन ते मोजायचा, म्हणून उपसायची सोय नव्हती. पेटायला आत बोंडभर कापूस नव्हता. पाण्यात मात्र डासांच्या अळ्या वळवळत होत्या. भिंतीपलीकडे वस्ती. दसऱ्याच्या आधी तिथल्या तिघांना डेंगू झाला. दोघं दवाखान्यातून घरी आली. चौकीदार डोमाजीची बायको कौसल्या आली नाही.

"परवा गाडी धूर मारून गेली ना वस्तीत?"

"धुरानं उडते मच्छर मेले असतीन. हे पाण्यातले कायले मरतात? हिवतापवाल्या मैत्रेयीताईनं दाखवलं मले. अळ्या खाणाऱ्या ह्या मासोयाबी तिनंच देल्या."

"मंग जळकं तेल टाक ना वरून. मागच्या साली टाकलंच होतं आपण."

डोमाजीने मान वर केली. "आग विझवाच्या पाण्यात तेल?"

रामरावचा आवाज चढला. "उद्या विमेवाला येऊन राह्यला. ड्रमात मासे पाहून हासन तो. शेटजी माह्यावर भडकतीन. साऱ्या काढ, नाई त उद्यापासून येऊ नको."

डोमाजी सतराव्या ड्रमपाशी गेला. किटली कलती केली.

"बायको गेली त डोकं फिरलं का तुह्यं?"

डोमाजीचा हात थांबला. क्षणभरच.

"तिच्यासाठी नाई करून राह्यलो. तिचं झालं. भिंतीपल्याड लेकरं हायेत." त्याने किटली पुरती रिकामी केली. "नौकरी घ्या तुमची. मासोया म्या काढत नाई."

रामरावने बाही दुमडली आणि स्वतःच हात ड्रममध्ये घातला. मासे तळाला गेले. तो वाकून, खांद्यापर्यंत हात बुडवून चाचपडत राहिला. हात वर आला तो रिकामाच. त्याने पुन्हा घातला.

डोमाजी कमरेवर हात ठेवून पाहत उभा होता.

"हळू, साहेब," तो म्हणाला. "माद्या गाभण हायेत."