डब्यातली शेवटची जागा

"खांबावरच्या डब्यात आता एकच जागा उरली हाय काकाजी," धम्मानंद म्हणाला, आणि तिथंच भैय्याजींचा संशय पक्का झाला.

तोवर ते नुसते सावध होते. नव्या इंटरनेट कंपनीचा हा माणूस 'जयभीम' घालून आत आला, तेव्हा त्यांनी मनात म्हटलं, गच्चीवरचा निळा झेंडा पाहून आला असेल. त्यानं आपल्या मोबाईलवर नेटचा वेग दाखवला, तेव्हा म्हटलं, ही झाली ढिगातली वरची संत्री, खालची कोण दाखवणार? त्याच्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचा फोटोही त्यांनी चेहऱ्याशी ताडून पाहिला होता. पण 'एकच उरली' ऐकल्यावर त्यांना हसू आवरेना. कळमन्याच्या बाजारात सारी हयात संत्र्यांची दलाली केलेला माणूस. शेवटची एकच गाडी उरली, असं सांगून त्यांनी किती गाड्या विकल्या याला सुमार नाही. मागे चार उभ्याच असायच्या.

दीक्षा, त्यांची मुलगी, कूलरपुढे लॅपटॉप घेऊन बसली होती. तिचा जीव टांगणीला लागला होता. पुण्याच्या कंपनीनं साफ कळवलं होतं, घरचं नेट नीट चालत असेल तर नागपुरातूनच काम करा, नाहीतर सोमवारपासून पुण्याच्या ऑफिसात या. सध्याचं नेट गल्लीतल्या केबलवाल्याचं. पैसे घसघशीत घ्यायचा, आणि दुपार झाली की नेट मान टाकायचं. कालच साहेबांशी बोलताना पडद्यावर तिचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं होतं. ती गेली तर या घरात भैय्याजी आणि कूलर एवढेच उरणार. हे भैय्याजींना चांगलं ठाऊक होतं. म्हणून तर ते इतकं पारखून घेत होते.

"घेऊन टाका नं बाबा," दीक्षा म्हणाली.

भैय्याजींनी तिला डोळ्यांनीच दटावलं. गिऱ्हाइकानं गरज दाखवली की भाव हातचा गेलाच.

"केबलवाल्याचं नेट बी लावलं तवा असंच पळे," ते धम्मानंदला म्हणाले. "तुहं पळन कशावरून?"

"त्याची तार जुनी हाय जी. आमची नवीन टाकली. पण या डब्यातून आठच घरं जोडता येते. दुसरा डबा कधी लागन, मले बी नाही माहीत. खोटं काहून सांगू?"

"भाव कमी कर."

"ते माह्या हातात नाही काकाजी. कंपनीचा भाव हाय."

"मंग राहू दे," भैय्याजी म्हणाले, आणि पाठ फिरवून माठाकडे गेले.

ही बाजाराची रीत होती. आपण राहू दे म्हणायचं, समोरच्यानं चालू लागायचं, फाटकापर्यंत जायचं आणि वळायचं. वळला की भाव उतरलाच म्हणून समजा. भैय्याजींच्या उभ्या आयुष्यात न वळलेला माणूस त्यांनी पाहिला नव्हता.

धम्मानंदनं शिडी खांद्यावर घेतली. "येतो जी," म्हणाला.

"बाबा, तो जाऊन राहिला."

"जाऊ दे. फाटकाजवळ वळते तो."

फाटकाची कडी वाजली. भैय्याजी पेला हातात घेऊन खिडकीशी आले. समोरच्या ओट्यावर नत्थूजी बनियनवर उभे होते. नत्थूजी म्हणजे पहिल्या भावाला संत्री घेऊन घरी जाणारा माणूस, भैय्याजींनी त्यांची यावरून कायम टिंगल केलेली. नत्थूजींनी धम्मानंदला काहीतरी विचारलं, मान हलवली, आणि धम्मानंदनं शिडी खांबाला लावली.

"आवाज देऊ का त्याले?" दीक्षाचा आवाज रडवेला झाला होता.

"थांब वं. नाटक करून राहिला तो. म्या नाही केले काय असे नाटकं?"

धम्मानंद वर चढला. डबा उघडला. तार नत्थूजींच्या खिडकीपर्यंत गेली, आत गेली. मग त्यानं डब्याचं झाकण लावलं. तेव्हा मात्र पेला खिडकीत ठेवून भैय्याजी तसेच अनवाणी तापलेल्या रस्त्यावर धावले.

"उघड तो डबा. मले पाहू दे."

धम्मानंदनं मुकाट्यानं झाकण पुन्हा उघडलं. भैय्याजींनी डोळ्यांवर हात धरून खालून पाहिलं. आत एका ओळीत भोकं होती आणि भोकाभोकात तार. एकही रिकामं नव्हतं. बाजूला दुसरा डबाही नव्हता. खांबाच्या मागच्या अंगालासुद्धा त्यांनी जाऊन पाहिलं.

"मंग पयलेच काहून नाही सांगितलं गा?"

"सांगितलं होतं जी."

नत्थूजी ओट्यावरून म्हणाले, "भैय्याजी, पाय पोळन. चप्पल घाला."

ते घरात आले तेव्हा लॅपटॉप मिटलेला होता. दीक्षानं कपाटावरची बॅग खाली काढली होती आणि ओल्या फडक्यानं तिच्यावरची धूळ पुसत होती.

"हे काय करून राहिली?"

"तिकीट काढलं. शनिवारच्या गाडीचं."

"इतकी घाई कायले? उद्या मी केबलवाल्याशी बोलतो. दुसरी कंपनी पाहतो. एक दिवस तरी..."

"एकच सीट उरली होती बाबा," दीक्षा म्हणाली. "घेऊन टाकली."

भैय्याजी खाटेवर बसले. तळवे आता भाजायला लागले होते. खरंच एकच होती का, हे त्यांनी तिला विचारलं नाही.