सापडलेली लेक

"पोरं किती?" खिडकीमागून कारकुनाने विचारलं. अख्ख्या रांगेला ऐकू गेलं.

"दोन," इख्लासच्या तोंडून निघून गेलं.

तिच्या ओबेद गावात कुणी आईची लेकरं चारचौघांत मोजत नाही. कुणी विचारलंच तर एक कमी सांगायचं, आणि सगळ्यात नाजूक असेल तेच गाळायचं. म्हणजे नजर लागत नाही. सुदानची हद्द मागे पडली, ओबेद मागे पडलं, पण जिभेचं वळण काही मागे राहिलं नव्हतं. सात वर्षांची तैसीर शेजारी उभी होती, ती सांगितली. घरी जावेपाशी ठेवलेला अयूब सांगितला. अंगाभोवती गुंडाळलेल्या लांब तोबात पोटाशी बांधलेली दहा महिन्यांची नदा मात्र गाळली गेली. आणि नदासाठीच ती पहाटेपासून इजिप्तमधल्या अस्वानच्या या सरकारी दवाखान्यात उभी होती.

नदाच्या हातापायांची बोटं सुजून चकाकत होती. अशी बोटं इख्लासने आधी एकदा पाहिली होती. नदाच्या आधी झालेल्या मुलाची. सूज आल्यावर चौथ्या दिवशी तो गेला होता. मघाशी आत डॉक्टरीणबाईंनी हात लावून पाहिलं होतं आणि म्हणाल्या होत्या, "हिला आजच रक्त चढवायला हवं. पण आधी नाव नोंदवून कार्ड आण. कार्डाशिवाय मला पिशवी मिळत नाही."

"भाऊ, चुकलं माझं. तीन आहेत. ही तिसरी."

साबरी कारकुनाने लेखणी खाली ठेवली. "उभ्या उभ्या बाळंत झालीस होय, बाई?"

"लिहून टाक रे साबरी," रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "नाहीतर जेवायच्या सुट्टीपर्यंत चौथं होईल."

रांग हसली. साबरी हसला नाही. मागच्याच आठवड्यात एकीने शेजारणीचं पोर आपलं म्हणून नोंदवलं होतं, आणि वरच्यांची बोलणी यानेच खाल्ली होती.

"जन्माचा कागद?"

"हिचा नाही. ही झाली तेव्हा गावावर गोळे पडत होते. कागद देणारी कचेरी त्याआधीच जळली होती."

"दोघांचे आहेत आणि हिचाच नाही." तो खिडकीतून वाकला. "पोरी, तू सांग. ही तुझी कोण?"

तैसीरला या प्रश्नाचं उत्तर तोंडपाठ होतं. बाळाला न्हाऊ घालताना आजीने ते तिच्याकडून घोटून घेतलं होतं. परक्याने विचारलं तर आपली म्हणायची नाही, मरण ऐकत असतं. तिने हात मागे बांधले आणि शाळेतल्यासारखं म्हणून दाखवलं,

"आमची नाही, तुमची नाही,
वाटेवर सापडली बाई,
रूप नाही, गुण नाही,
नेऊन कुणाला लाभ नाही."

इख्लासने तिच्या तोंडावर हात ठेवला. तोवर म्हणून झालं होतं.

"भाऊ, हे दृष्ट लागू नये म्हणून म्हणतात. आमच्याकडे पद्धत—"

"आमच्याकडेही आहे," साबरी म्हणाला. "माझ्या आईने मला कानात डूल घालून मुलगी म्हणून वाढवलं." त्याने चष्मा काढून पुसला. मग आवाज खाली आणला. "ऐक. ही तुझी असेल तर कागद लागेल. तो तुमच्या वकिलातीतून आणायचा, कैरोहून. महिना जाईल. दीडही जाईल."

"हिच्याकडे चार दिवस नाहीत."

"सापडलेली असेल तर कागद लागत नाही. बेवारस पोराचं कार्ड मी आत्ता करून देतो. पण मग ती सरकारची. बरी झाली की बालगृहात जाईल. तू नुसती आणून देणारी."

"भेटू देतील?"

"रक्ताचं नातं असेल त्याला देतात."

नदाने तोबाचा काठ धरायला हात पुढे केला. बोटं मिटेनात. काठ निसटला. तिने पुन्हा हात पुढे केला, पुन्हा निसटला.

"लिहा," इख्लास म्हणाली.

साबरीने वेगळ्या रंगाचा कागद ओढला. "कुठे सापडली?"

"ओबेदला. आमच्या मागच्या खोलीत, चुलीच्या उजेडात. नाळ अजून ऊन होती."

साबरीने लिहिलं, 'रस्त्यात.'

"बाप?"

"ठाऊक नाही."

हे खरंच होतं. वाटेतल्या एका नाक्यावर त्याला ट्रकवरून उतरवलं, त्यानंतर कुणी काही सांगितलं नव्हतं.

"आई?"

मागून कुणीतरी खोकलं. तैसीर एकदा आईकडे आणि एकदा खिडकीकडे पाहत होती.

"जिवंत लिहिली," साबरी हळूच म्हणाला, "तर कागद पुन्हा तिलाच मागतील."

"वारली," इख्लास म्हणाली.

नदा भुकेने रडायला लागली. इख्लासच्या छातीवर तोबाला दोन ओले डाग उमटले आणि पसरत गेले. साबरीने ते पाहिले. मग त्याने मान खाली घातली आणि शिक्का मारला.