पाच वारस

जूनटीन्थला, आमच्या पूर्वजांची गुलामगिरी संपल्याच्या दिवशी, आत्याच्या ओसरीवर एक गोरा वकील लाल सरबत पीत बसला होता.

"वांशिक न्यायासाठी आमची संस्था तुमच्या लोकांच्या जमिनींचे कागद फुकट करून देते, मिस व्हर्लीन. फक्त सगळ्या वारसांची नावं सांगा."

"फुकट? मग बाळा, तुझं पोट कशावर चालतं?"

त्याने हसून वही उघडली. आत्याने पाच नावे सांगितली. त्याने ती मनोभावे लिहून घेतली.

तो गेल्यावर मी म्हणालो, "आत्या, हे पाचही जण चर्चमागे पुरलेत ना?"

"म्हणून तर सांगितली. जमीन न विकणारी तेवढीच माणसं उरलीत आपल्यात."

तीन आठवड्यांनी नोटीस आली. पाचही वारसांनी आपापले हिस्से विकले होते, आत्याने घर रिकामे करायचे होते. सोबत विक्रीचे कागद होते, खाली पाच सह्या. आत्याने चष्मा लावला आणि स्वतःच्या वडिलांच्या सहीवरून कितीतरी वेळ हळुवार बोट फिरवले.

"काय वळणदार अक्षर आहे रे! जन्मभर बिचारे सहीच्या जागी फुली मारायचे."