दुसरा गिअर

फियाटचा दुसरा गिअर पडताना हिसका बसायचा, आणि मागच्या सीटवर आडवी झालेली श्यामला कण्हायची, "अहो, स्वल्प हळू." तिच्या पोखरलेल्या हाडांना इस्पितळापर्यंतचे हिसके सोसत नव्हते. वासुदेवरावांनी जे.सी. रोडवरच्या गाड्यांच्या तेलाच्या दुकानदाराला बजावलं, "गिअरबॉक्सच्या पितळी रिंगा खाणारं तेल नको. गिअर अलगद पडला पाहिजे." त्याने दाखवलेली तेलं बोटांवर चोळून, उग्र वासाचं बाजूला सारून त्यांनी एक निवडलं आणि स्वतः भरलं. आज कोरमंगलातल्या घरापासून एकही हिसका नव्हता. श्यामला एकदाही कण्हली नाही. "बघितलंस तेलाचा गुण?" ते खुशीत म्हणाले. त्या नादात स्पीडब्रेकर दिसलाच नाही. गाडी दाणकन आदळली, मागची सीट दाखवणारा आरसा वाकडा झाला. जीभ चावून ते 'स्वल्प हळू'ची वाट बघत राहिले. मागून आवाज आला नाही. आरसा सरळ न करता त्यांनी अलगद दुसरा गिअर टाकला.