लहर ओसरेपर्यंत

लेकीच्या साखरपुड्याची खरेदी चालली होती आणि ऐन सराफाच्या पेढीवर शर्वरी टिपणीसांच्या मनगटातला दिवा निळा झाला. कातडीखाली बसवलेला तो बारीक दिवा मेंदूत चोरीची लहर उठली की उजळायचा. हात मात्र तो अडवत नसे. ते काम शर्वरीबाईंचंच होतं.

समोर चांदीचा करंडा होता. घरी तसले कितीतरी पडून होते, तरी बोटं शिवशिवू लागली, छाती धडधडू लागली. पूर्वी अशा वेळी करंडा पर्समध्ये जायचा आणि मागाहून रडू यायचं.

शेजारी बसलेल्या विहीणबाईंना, कुमुदताईंना, दिवा दिसला. "हे काय हो?"

शर्वरीबाईंनी मनगटावर पदर ओढला. पलीकडे बसलेल्या लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. मग शर्वरीबाईंनी स्वतःच पदर बाजूला केला.

"मला वस्तू उचलायची लहर येते. गरज नसते, हावही नसते. आजार आहे तो. दिवा आधी सांगतो, मग मी थांबते."

कुमुदताई जवळ सरकल्या. "हात धरू का तुमचा?"

"नको. बघा फक्त."

शर्वरीबाईंनी तळवा करंड्याशेजारीच उघडा ठेवला. लहर चढली, घाम फुटला, पण बोटं जागची हलली नाहीत. हळूहळू छाती शांत झाली आणि दिवा मालवला.

"गेली!" त्या ओरडल्याच. लेकीनं सगळ्यांदेखत आईला कडकडून मिठी मारली.

सराफ घाईघाईनं करंडा उचलायला आला, तशा कुमुदताई म्हणाल्या, "राहू द्या तो इथंच. आमच्या विहीणबाईंना अजून अंगठ्या बघायच्यात."